व्यायाम किती दिवस, विश्रांती किती दिवस?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांतील व खेड्यांतील मैदाने पहाटेपासून गजबजू लागतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु महिन्याभराने त्याच मैदानावर काही मुले नडगी धरून बसलेली दिसतात, तर काहींनी येणेच सोडलेले असते. असे का होते, याचा थोडा शास्त्रीय विचार करणे आम्हास आवश्यक वाटते.

२०२४ साली झालेल्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची होती. मुलांना १६०० मीटर धावण्यास २०, १०० मीटर धावण्यास १५ व गोळाफेकीस १५ गुण होते. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर धावायचे होते. त्यापुढे लेखी परीक्षा १०० गुणांची. म्हणजे मैदान व अभ्यास ही दोन्ही ओझी एकाच वेळी वाहावी लागतात. शिवाय आपली अनेक मुले दिवसा गोदामात, बांधकामावर किंवा घरोघर माल पोचविण्याच्या कामावर असतात. वेळ थोडा आहे, या धास्तीने ती सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सातही दिवस धावतात. जितके जास्त तितके चांगले, हा समज येथेच घात करतो.

व्यायाम करताना शरीर बळकट होत नाही, ते थकते. जोर-बैठकांनी स्नायूंवर ताण येतो, त्यांतील साठविलेली साखर खर्च होते. त्याची भरपाई नंतर अन्नातून व झोपेतून होते. जोराच्या व्यायामानंतर स्नायूंची बांधणी साधारणपणे २४ ते ४८ तास अधिक वेगाने चालू राहते. हाडांना याहून जास्त अवधी लागतो. ताण पडलेल्या हाडातील जुना भाग लवकर काढला जातो, पण नवा भाग सावकाश भरला जातो. या मधल्या काळात धावणे एकदम वाढविले, तर नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. सैन्यात नव्याने भरती झालेल्या जवानांत ही दुखापत डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे.

दुसरी गोष्ट अशी की, हमाली कोणती आणि व्यायाम कोणता हा भेद शरीर करीत नाही. आठ तास पोती उचलणारा तरुण, दोन मजले पाणी चढवून स्वयंपाक उरकणारी मुलगी यांचा बराचसा व्यायाम आधीच झालेला असतो. तेव्हा दिवसभर बसून अभ्यास करणाऱ्या मित्राचे वेळापत्रक त्यांनी जसेच्या तसे उचलू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम पुरेसा आहे. भरतीसाठी थोडे अधिक लागेल, पण त्यालाही मर्यादा हवी. आम्ही असे सुचवितो : सोमवार, बुधवार व शनिवार धावणे, त्यातही वेगाने धावणे दोनच दिवस; मंगळवार व शुक्रवार जोर-बैठका व गोळाफेक; गुरुवारी नुसते चालणे; रविवारी पूर्ण विश्रांती. अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांनी जोर-बैठकांचा एक दिवस कमी करावा. रात्रपाळी करून आल्यावर वेगाने धावू नये, आधी झोपावे. प्रौढांना किमान ७ तास आणि १८ वर्षांखालील मुलांना ८ ते १० तास झोप लागते. झोप तोडून केलेला व्यायाम अभ्यासाचेही नुकसान करतो, कारण वाचलेले पक्के होण्यासही झोपच लागते.

शरीर सूचना देत असते. सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी नेहमीपेक्षा सतत जास्त भरणे, झोप न लागणे, चिडचिड होणे, वेळ सुधारण्याऐवजी घसरणे, ही लक्षणे दिसली तर दोन-तीन दिवस थांबावे. हाडावर एकाच जागी बोट ठेवताच दुखत असेल, मुलींची पाळी बंद झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. अतिश्रमानंतर लघवी काळपट झाली, तर तातडीने दवाखाना गाठावा. धावताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर तेथेच थांबून उपचार घ्यावेत.

विद्यार्थी मित्रांनो, जाहिरातीची वाट पाहू नका. पाच-सहा महिने आधी, थोड्या अंतरापासून सुरुवात करा व हळूहळू वाढवा. आईवडिलांनीही रविवारी झोपलेल्या मुलास आळशी म्हणू नये. त्याच्या आठवड्याचा तोही एक आवश्यक भाग आहे.