डीझेल रेल्वे एंजिने : अ‍ॅल्को व जनरल मोटर्स

डीझेल रेल्वे एंजिने : अ‍ॅल्को व जनरल मोटर्स. भारतीय रेल्वेने १९६२ च्या सुमारास रुंदमापी मार्गांसाठी दोन अमेरिकन कंपन्यांची एंजिने आयात केली. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीच्या (अ‍ॅल्को) एंजिनास डब्ल्यूडीएम-२ व जनरल मोटर्सच्या एंजिनास डब्ल्यूडीएम-४ हे वर्गनाम मिळाले. दोन्हींची शक्ती २,६०० अश्वशक्ती, वजन सु. ११३ टन आणि आस सहा असल्याने त्यांची तुलना बोधप्रद ठरते.

रचना : दोन्हींत डीझेल एंजिन जनित्र फिरवते व त्या विजेवर आसांना जोडलेली चलित्रे चालतात. खरा फरक एंजिनाच्या चक्रात आहे. अ‍ॅल्कोचे सोळा सिलिंडरांचे २५१-बी एंजिन चार-धावी असून ते मिनिटास १,००० फेरे करते. प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांतून एकदा ज्वलन होते. जनरल मोटर्सचे ५६७-डी३ हे सोळा सिलिंडरांचेच, पण दोन-धावी. त्यात प्रत्येक फेऱ्यास ज्वलन होत असल्याने सिलिंडर लहान व फेरे ८३५ असूनही तितकीच शक्ती मिळते. मात्र दोन-धावी सिलिंडरातील जळके वायू बाहेर घालविण्यास बाहेरून हवा लोटावी लागते. म्हणून त्याचा टर्बोभरक कमी भारावर दंतचक्रांनी फिरविला जातो. यात काही शक्ती खर्ची पडते.

कार्यमान : अ‍ॅल्कोचा टर्बोभरक केवळ निष्कास वायूंवर फिरतो. त्यामुळे इंधन वाचते. पण शक्ती एकदम वाढविल्यास हवा अपुरी पडून काळा धूर निघतो. ओढशक्तीत डब्ल्यूडीएम-२ किंचित सरस होते. डब्ल्यूडीएम-४ मात्र वेगात अधिक स्थिर चाले. १९६९ मध्ये सुरू झालेल्या हावडा–नवी दिल्ली राजधानी एक्सप्रेससाठी तेच वापरले गेले.

परिणाम : निवड केवळ कार्यमानावर झाली नाही. अ‍ॅल्कोने भारतात निर्मितीसाठी तंत्रज्ञान दिले व वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून ही एंजिने बाहेर पडू लागली. डब्ल्यूडीएम-४ ची संख्या ७२ वरच थांबली, तर डब्ल्यूडीएम-२ ची संख्या अडीच हजारांहून अधिक झाली. सुटे भाग देशातच मिळत असल्याने त्यांची दुरुस्ती सुलभ झाली. महाराष्ट्रात कल्याण व पुणे येथील शेडमध्ये ती होती. मुंबई–विरार हा टप्पा १९३६ पासूनच विजेवर चाले. त्यापलीकडील मार्गावर मात्र विद्युतीकरण होईपर्यंत वाफेच्या व डीझेल एंजिनांवरच भिस्त होती. १९९८ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या कोकण रेल्वेवरही अ‍ॅल्को कुळातील एंजिने धावली.

अ‍ॅल्कोने १९६९ मध्ये एंजिननिर्मिती थांबविली, तरी तिचा आराखडा भारतात पुढे तीन दशके विकसित होत राहिला. १९९५ मधील करारान्वये जनरल मोटर्सचे ४,००० अश्वशक्तीचे दोन-धावी एंजिन भारतात आले. या वेळी तंत्रज्ञानही मिळाले. एंजिनाचा गुण मोजताना त्याच्या ओढशक्तीइतकीच ते स्वतः घडविण्याची व दुरुस्त करण्याची सोय महत्त्वाची असते, हे या तुलनेवरून दिसून येते.