बिनतारी बटण आणि घरांतील दिवे

आमच्या अकोले गांवांतील जुन्या दगडी भिंती फोडून विजेच्या तारा नेणें मोठें जिकिरीचें. बिनतारी बटणास ती दगदग नको. त्यांतून दिव्याची वीज वाहतच नाहीं. नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या सेलवर तें केवळ निरोप धाडतें. १८९५ सालीं जगदीशचंद्र बोसांनीं कलकत्त्यास भिंतीपलीकडील घंटा वाजविली, त्याच जातीच्या ह्या लहरी. मात्र जाड दगडांत त्या क्षीण होतात, हें ध्यानीं ठेवावें.

कोणता दिवा किती तेवावा, हें बटणास ठाऊक नसतें. ती योजना दिव्यांत वा मध्यवर्ती यंत्रांत नोंदलेली असते. तिला ‘सीन’ म्हणतात, नाटकवाल्यांचाच शब्द! एकदां दाबतांच दिवाणखान्यांतील दिवे मालवतात आणि न्हाणीघराच्या वाटेवर मंद उजेड पडतो. रात्रीं उठणाऱ्या वृद्धांस ह्याचें मोल कळतें.

पण भिंतीवरील मूळ स्विच कोणीं संवयीनें बंद केला, कीं दिव्याची वीजच तुटते. मग निरोप ऐकणार कोण? त्यावर झांकण बसवावें. शिवाय वीज जाऊन आली म्हणजे असले पुष्कळ दिवे पूर्ण तेजानें लागतात, मग मध्यरात्र कां असेना. तेव्हां वीज परततांच दिवा पूर्वस्थितींत राहील, अशी नोंद पावसाळ्यापूर्वींच करून ठेवावी.