ओल कोणाची?

मी घाटावरचा माणूस. सोलापूरकडे वाढलो. तिकडे 'ओल' हा शब्द आनंदाचा. मिरगाचा पाऊस झाला आणि शेतात वीतभर ओल गेली, की माणसे एकमेकांना हाका मारून ती बातमी सांगतात. नोकरीच्या निमित्ताने रत्नागिरीस बिऱ्हाड केले आणि या शब्दाची दुसरी बाजू कळली. जन्मभर मराठी शिकवूनही ती मला कोशात सापडली नव्हती. भाड्याच्या घराच्या भिंतीने शिकवली.

घर चांगले होते. जांभ्या दगडाचे, दुमजली. खाली मालक, वर आम्ही. पहिल्या आषाढात मिठाला पाणी सुटले, काडेपेटी ओढेना, चपलांवर हिरवी साय धरली. आम्ही हसलो. श्रावणात कपाटातल्या कोटावर पांढरे ठिपके उठले, पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे पडू लागले आणि धाकटीला रात्री खोकल्याची ढास लागू लागली. मग मात्र हसू थांबले.

आणि एके दिवशी कपाटाच्या तळाशी ठेवलेली वही हाती आली. एम.ए.ला असताना आईच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या मी त्या वहीत शाईने उतरून घेतल्या होत्या. आई आता नाही. वहीची पाने एकमेकांना चिकटली होती आणि मधल्या बारा पानांवर काळ्या बुरशीची नक्षी उमटली होती. खालची अक्षरे गेली ती गेलीच.

मी तावातावाने खाली गेलो. मालक ओटीवर सुपारी कातरीत बसले होते.

"सर, कोकणात पाऊस पडतो हे घर घेताना तुम्हांला ठाऊक नव्हतं होय?" ते शांतपणे म्हणाले. "खिडक्या उघडत नाही तुम्ही. ओल तुमची आहे, माझ्या भिंतीची नाही."

वर येऊन हे सांगितले, तर सौभाग्यवतींचा पारा चढला. "अहो, भिंत पाझरतेय त्यांची आणि दोष आपल्याला?"

त्या दिवाळीत मी पदरचे पैसे घालून भिंतीला डिस्टेंपर लावून घेतला. पुढल्या श्रावणात रंगासकट पोपडे खाली आले. बुरशी पुन्हा हजर!

अखेर आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना शरण गेलो. ते म्हणाले, "आधी ओल कुठली ते शोधा, भांडण मग करा." उपाय पोरखेळ वाटावा असा होता. पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचे वीतभर चौकोन कापायचे, भिंत फडक्याने कोरडी पुसून ते चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचे आणि दोन दिवस थांबायचे. कागदाच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला पाणी आले, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या अंगाला दव धरले, तर ती खोलीतल्या हवेची, म्हणजे आपली.

पश्चिमेच्या भिंतीवरचा कागद आतून ओला निघाला. मी विजयी मुद्रेने दुसरा काढायला गेलो. तो कपाटामागे, स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर होता. तो बाहेरून ओला! म्हणजे मालकही खरे आणि आम्हीही खरे.

यात गूढ काही नाही. जांभा सच्छिद्र दगड. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस तासन् तास झोडपू लागला, की तो पाणी पितो. कोकणातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होते. म्हणून छपराच्या पावळ्या लांब, घराला पडव्या, आणि पावसाच्या तोंडी झावळ्यांची झापे बांधलेली. महाबळेश्वराला तर पावसाळ्यापूर्वी घरादुकानांना गवताच्या तट्ट्यांचे अंगरखेच चढवितात. आपण सपाट भिंतींची घरे बांधली आणि त्यांचा अंगरखा काढून घेतला.

दुसरी ओल हवेतली. तीस अंश उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारे तीस ग्रॅम वाफ धरू शकते. वीस अंशांची जेमतेम सतरा. हवा थंड भिंतीला टेकली, की जास्तीचे पाणी ती तिथेच टाकून देते. हे पाणी येते कोठून? चार माणसे रात्रभर झोपली, तर श्वास आणि घाम मिळून लीटरभर पाणी हवेत जाते. हाताने पिळलेले बादलीभर कपडे घरातल्या दोरीवर वाळतात, म्हणजे आणखी लीटर-दोन लीटर. आणि स्वयंपाकाचा गॅस? तो जळताना पाणीच तयार होते! १४.२ किलोचे एक सिलिंडर संपेतो सुमारे बावीस लीटर पाणी वाफेच्या रूपाने घरात येते. हा हिशेब ऐकून सौभाग्यवतींनी मालकांविषयीचे मत थोडे सौम्य केले.

बुरशीचे बीज हवेत सदैव असतेच. ते काही मालक पेरीत नाही. त्याला हवे असते पाणी आणि न हलणारी हवा. बाजारात आर्द्रता मोजायचे लहानसे यंत्र मिळते. काटा साठाच्या खाली असला तर चिंता नाही; दिवसेंदिवस सत्तर-ऐंशीच्या वर राहिला, की बुरशी आलीच समजा. भर पावसात कोकणात बाहेरची हवाच त्याहून दमट असते, तेव्हा घर कोरडे ठणठणीत होणे नाही. पण पुष्कळ काही करता येते.

आम्ही केले ते असे. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढली. स्वयंपाक आणि आंघोळ चालू असताना हवा बाहेर फेकणारा पंखा लावला आणि आतले दार लावून घेतले. कपड्यांची दोरी घरातून गॅलरीत नेली. झड असताना वाऱ्याकडची खिडकी बंद आणि उघडीप मिळताच समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या. आलेली बुरशी कोरडी झाडली नाही, कारण तसे केल्याने तिचे बीज घरभर उडते. नाकाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसली आणि भिंत वाळवली. धाकटीला त्या वेळी शेजारी धाडले होते. दम्याची प्रकृती असणाऱ्यांनी तर या कामापासून दूरच राहावे.

आता कायद्याचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या चौदाव्या कलमाने घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने नोटीस दिल्यावर किमान पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. पण अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'च्या करारावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हेच. त्याने पाझर आणि गळतीची दुरुस्ती कोणी करायची हे करारातच लिहून घ्यावे, आणि घर घेण्यापूर्वी ते एकदा भर पावसात पाहावे.

मला नोटिशीची गरज पडली नाही. दोन्ही कागद घेऊन मी खाली गेलो. मालकांनी ते उलटसुलट करून पाहिले, अडकित्ता बाजूला ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे निम्मी ओल माझी म्हणा की!" पुढच्या पावसाआधी त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याची पडवी काढली आणि बाहेरच्या भेगा बुजवून घेतल्या.

दिवाळी आली, की आपल्याकडे भिंतीला रंग द्यायची घाई होते. चार महिने पाणी प्यालेली भिंत पंधरा दिवसांच्या उन्हाने वाळत नाही, आणि ओल्या भिंतीवरचा रंग म्हणजे जखम न धुता बांधलेली पट्टी. आमची भिंत यंदा तशीच डागाळलेली आहे. फाल्गुनात ती पुरती वाळली म्हणजे चुना काढायचा, असे मालकांचे आणि माझे ठरले आहे. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि बुरशीला मानवत नाही. खर्च निम्मा-निम्मा.

वही मी सावलीत, वाऱ्यावर पानन् पान सुटी करून वाळवली आणि अंगणात मऊ कुंचल्याने पुसली. जुने लेखक पोथीच्या शेवटी तिला तेलापासून आणि पाण्यापासून जपा अशी विनवणी का करीत, ते आता कळते. बारा पाने मात्र वाचता येत नाहीत. भाऊबीजेला मावशीकडे जाणार आहे. तिला त्यांतल्या काही ओव्या अजून येतात. या खेपेला दोन प्रती करीन, आणि एक घाटावर ठेवीन.