उबेच्या योजनेची आठ वर्षं

घर तापवण्यासाठी गॅस किंवा तेल जाळणं सोडणाऱ्या कुटुंबांना पैसे देणारी योजना ब्रिटिश सरकारने 9 एप्रिल 2014 रोजी सुरू केली आणि 31 मार्च 2022 रोजी तिचा दरवाजा बंद केला. तिचं नाव 'रिन्यूएबल हीट इन्सेंटिव्ह', सगळ्यांच्या तोंडी 'आरएचआय'. शेवटच्या दिवसांत दाखल झालेल्या घरांचे हप्ते 2029 पर्यंत चालू राहणार आहेत, म्हणजे हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. या आठ वर्षांत योजनेचे नियम जवळजवळ दरवर्षी बदलले. त्या बदलांचा माग काढायला हवा, कारण सरकारी प्रोत्साहन कुठे फळतं आणि कुठे अडतं, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

आपल्याकडे बहुतेक घरांत ऊब विकत घ्यायची म्हणजे अंघोळीच्या पाण्यापुरती. ब्रिटनमध्ये वर्षाचा अर्धा काळ सगळं घरच तापवावं लागतं. पाचांतल्या चारांहून अधिक घरांत हे काम गॅसचा बॉयलर करतो, आणि जिथे गॅसची पाइपलाइन पोचत नाही अशा खेड्यापाड्यांत तेलाची टाकी. 2008 च्या हवामान बदल कायद्याने देशाला कार्बन कमी करण्याचं बंधन घातलं, तेव्हा ही ऊब कुठून आणायची हा प्रश्न टाळता येईना. त्याच वर्षीच्या ऊर्जा कायद्याने आरएचआयची कायदेशीर पायाभरणी केली. नोव्हेंबर 2011 मध्ये ती उद्योग-व्यवसायांसाठी सुरू झाली. घरांना मात्र 2014 पर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात एकरकमी छोट्या अनुदानावर त्यांची बोळवण झाली.

घरगुती योजनेची रचना विचारपूर्वक केलेली होती. चार साधनांना मान्यता होती: लाकडाच्या पेलेटवर चालणारा बायोमास बॉयलर, जमिनीतली ऊब खेचणारा हीट पंप, हवेतली ऊब खेचणारा हीट पंप आणि छतावरचा सौर पाणीतापक. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. त्याच तत्त्वावर हीट पंप बाहेरची उष्णता घरात आणतो. योजनेत बसायचं तर त्याने एक युनिट विजेच्या बदल्यात किमान अडीच युनिट उष्णता द्यावी, अशी अट होती. सात वर्षं, दर तिमाहीला, ठरलेल्या दराने पैसे मिळत. सुरुवातीचे दर युनिटमागे असे होते: बायोमास 12.2 पेन्स, हवेचा पंप 7.3, जमिनीचा पंप 18.8 आणि सौरतापक 19.2.

यातली कळीची गोष्ट अशी की बहुतेक घरांत उष्णता मोजलीच जात नव्हती. घराच्या ऊर्जा प्रमाणपत्रावर वर्षाची जी अंदाजी गरज लिहिलेली असेल, तीच हिशेबाला धरली जाई. उदाहरणार्थ 20,000 युनिटांची गरज असलेल्या घरात अडीचपट क्षमतेचा हवेचा पंप बसवला, तर त्यातली 12,000 युनिटं हवेकडून मिळालेली, म्हणजे वर्षाला 876 पौंड. खिडक्या उघड्या टाकून पंप रात्रंदिवस चालवला तरी एक पेनी जास्त मिळणार नाही. आधी पोटमाळ्याचं आणि भिंतींचं उष्णतारोधन करा, मगच अर्ज करा, हीदेखील अट होती. उधळपट्टीला वाव न देणारी अशी ही मांडणी होती.

पहिला मोठा धक्का बायोमासने दिला. बायोमासमध्ये सगळीच उष्णता अक्षय धरली जात असल्यामुळे 40,000 युनिटांच्या मोठ्या, जुन्या घराला वर्षाला 4,880 पौंड मिळू शकत होते. सात वर्षांत 34,000 पौंडांच्या वर. साहजिकच अर्ज वाढले. खर्चाने ठरावीक रेषा ओलांडली की नव्या अर्जदारांना मिळणारा दर तिमाहीगणिक 10 किंवा 20 टक्क्यांनी घटवायचा, ही तरतूद नियमांत पहिल्यापासून होती. ती आता एकामागून एक लागू झाली. 2014 मधला 12.2 पेन्सचा दर 2016 च्या सुरुवातीला पाच पेन्सच्या आसपास आला. सरकारी तिजोरीच्या बाजूने पाहिलं तर हे योग्यच होतं. पण गावातल्या बॉयलर बसवणाऱ्या कारागिराने या भरवशावर माणसं शिकवली, प्रमाणपत्र घेतलं, माल भरला, आणि त्याचा धंदा दोन वर्षांच्या आत पडला. दर तिमाहीला बदलणाऱ्या दरावर कुणी पाच वर्षांचा विचार करू शकत नाही. सरकारला बाजारपेठ उभी करायची होती, तर हाच या कपातीचा खरा तोटा होता.

मग लहानमोठ्या दुरुस्त्या आल्या. ऑक्टोबर 2015 पासून पेलेट मान्यताप्राप्त यादीतल्या पुरवठादाराकडूनच घेण्याचं बंधन आलं. जंगल तोडून ऊब मिळवण्यात काही अर्थ नव्हता. 2016 मध्ये 'ग्रीन डील' या घरगुती ऊर्जाबचतीच्या सरकारी योजनेखालच्या तपासणीची अट निघाली, कारण ती मूळ योजनाच निकालात निघाली होती. त्याच वर्षी नव्या अर्जदारांची महागाईवाढ किरकोळ किंमत निर्देशांकाऐवजी ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधली गेली. तो सहसा कमी वाढतो. मार्च 2016 मध्ये सौरतापक वगळण्याचा प्रस्ताव आला आणि डिसेंबरमध्ये मागे घेतला गेला. त्या नऊ महिन्यांत छतावर तापक बसवावा की नाही, हे कुणी कसं ठरवायचं?

सगळ्यांत महत्त्वाची सुधारणा 2017 ची. ती वसंतात यायची होती. जूनच्या अचानक निवडणुकीमुळे 20 सप्टेंबरपर्यंत लांबली. तिने दोन कामं केली. एक म्हणजे हवेच्या पंपाचा दर वाढवून 10.18 पेन्स केला. दुसरं, किती उष्णतेपर्यंत पैसे मिळतील याला मर्यादा घातली: हवेच्या पंपाला 20,000 युनिटं, बायोमासला 25,000, जमिनीच्या पंपाला 30,000. मोठ्या घराचा मोठा वाटा इथे थांबला. सामान्य माणसाच्या करातून चालणारी योजना प्रशस्त बंगल्यांना जास्त पैसे देत होती, ही गोष्ट तीन वर्षं चालू द्यायला नको होती.

2018 मध्ये नव्या हीट पंपांना वीजमीटर सक्तीचा झाला, आणि जूनच्या अखेरीस आणखी एक दार उघडलं. कुटुंबाच्या वतीने दुसऱ्या कुणी पंपाचा खर्च करायचा आणि सात वर्षांचे हप्ते त्याने घ्यायचे, अशी सोय झाली. योजनेचं मूळ दुखणं इथेच होतं. पंप बसवायला एकदम हजारो पौंड लागत. परतावा मात्र सात वर्षांत तुकड्यातुकड्याने. ज्याच्याकडे बचत आहे तोच आत येऊ शकत होता. थंडीत एकच खोली तापवून दिवस काढणाऱ्या कुटुंबाला युनिटमागच्या पेन्सचा काय उपयोग? ही सोय पहिल्याच दिवशी हवी होती. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये आकडे मांडले: मुळात 5 लाख 13 हजार यंत्रणांची अपेक्षा होती, आता 1 लाख 11 हजारांची होती.

याच नावाची एक योजना उत्तर आयर्लंडमध्येही होती, आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय हा मागोवा पुरा होत नाही. तिथे 2012 मध्ये व्यवसायांसाठीची योजना लंडनच्या नमुन्यावर आखताना एक नियम गाळला गेला. मूळ योजनेत बॉयलर वर्षाला 1,314 तास चालल्यानंतर दर झपाट्याने घटत असे. उत्तर आयर्लंडमध्ये तो घटतच नव्हता, आणि अनुदान इंधनाच्या किमतीपेक्षा जास्त होतं. म्हणजे जितकं जाळाल तितका नफा. 2015 मध्ये दुरुस्तीची चाहूल लागताच शेकडो अर्ज आले. फेब्रुवारी 2016 मध्ये योजना बंद झाली, जानेवारी 2017 मध्ये याच वादात उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि तिथलं सरकार तीन वर्षं ठप्प राहिलं. नंतर जुन्या लाभार्थींचेही दर कापले गेले. ज्यांनी प्रामाणिकपणे, कर्ज काढून बॉयलर बसवले होते, त्यांनाही ती शिक्षा भोगावी लागली.

ग्रेट ब्रिटनच्या घरगुती योजनेने मात्र हे कधी केलं नाही. ज्या दराने कुटुंब आत आलं, तोच दर सात वर्षं, महागाईच्या वाढीसह, त्याला मिळत राहिला. नियम बदलले ते पुढे येणाऱ्यांसाठी. या एका गोष्टीसाठी मी या योजनेला मनापासून मान देतो.

2022 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये 'बॉयलर अपग्रेड स्कीम' आली. हप्ते गेले, हवेच्या पंपाला एकरकमी 5,000 पौंड, जमिनीच्या पंपाला 6,000, तेही थेट बिलातून वजा. ऑक्टोबर 2023 पासून दोन्हींना 7,500. पैसे सुरुवातीलाच हवेत, हे कळायला आठ वर्षं लागली. आणि तरीही उरलेली रक्कम घरमालकानेच भरायची आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने काय करायचं, याचं उत्तर या योजनेतही नाही.

सरकारने नियम बदलावेत. पेलेटच्या यादीपासून उष्णतेच्या मर्यादेपर्यंतचे बहुतेक बदल गरजेचेच होते. पण ते कधी होणार हे लोकांना पुरेसं आधी कळायला हवं, दिलेला शब्द मागे फिरता कामा नये, आणि रिकाम्या हाताने आलेल्या माणसालाही आत येता यायला हवं. आरएचआयने यातली मधली अट पाळली, पहिली अर्धवट पाळली आणि तिसरीत ती कमी पडली. पुढच्या कुठल्याही योजनेने सुरुवात त्या तिसऱ्या अटीपासून करावी.