काडतुसांचा सारखेपणा : काटा, गेज आणि लॉट

५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो अवघा १०.४ मिलिमीटर. त्यावर येणारी गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. दशांशातल्या गुणांकनात मध्यापासून ०.८ मिलिमीटर सरकले की ०.१ गुण गेला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोन (पालथे झोपून नेम धरण्याच्या) प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या, त्या ६०० पैकी ५९७ गुण घेऊन. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळाले ते ४५१.४ गुणांवर. या पातळीवर हात आणि श्वास स्थिर असून भागत नाही. प्रत्येक काडतूसही आधीच्यासारखेच वागावे लागते.

या प्रकारातले .२२ लाँग रायफल काडतूस सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने गोळी सोडते. लक्ष्यापर्यंत जायला तिला साधारण ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती बारा-साडेबारा सेंटिमीटर खाली येते. साइट त्या हिशेबानेच लावलेली असते. मात्र एखादी गोळी १० मीटर प्रतिसेकंद हळू निघाली, तर ती सात-साडेसात मिलिमीटर खाली लागते. नेमबाजाने काहीही चूक न करता १०.९ चा शॉट जेमतेम १०.० वर येतो.

हा फरक आधीच पकडता येईल का? हौशी नेमबाजांचा पहिला भरवसा वजनकाट्यावर. अख्खे काडतूस सव्वातीन-साडेतीन ग्रॅमचे. त्यात शिसे २.६ ग्रॅम, बाकी बहुतेक पितळ, आणि दारू ०.१ ग्रॅमच्याही आत. दोन काडतुसांच्या वजनात काही मिलिग्रॅमचा फरक दिसला, तर तो शिशाचा, पितळेचा की दारूचा, हे काटा सांगत नाही. वेग ठरवणारी दारू नेमकी सगळ्यात हलकी. त्यामुळे वजनाने एखादे ठळक वेगळे काडतूस बाजूला काढता येते, त्यापलीकडे फारसे नाही.

दुसरे साधन कडेची जाडी मोजणारे गेज. या काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिन तिथेच आपटते. कड पातळ असली तर काडतूस चेंबरमध्ये किंचित सैल बसते आणि पेट घेणे बदलू शकते. स्वस्त काडतुसांत अशी निवड उपयोगी पडू शकते. सामन्यांसाठीच्या महागड्या काडतुसांत कारखान्यानेच ते काम बरेचसे केलेले असते.

खरा निकाल लागतो तो लॉटच्या, म्हणजे एका खेपेत बनलेल्या काडतुसांच्या, चाचणीत. बर्मिंगहॅमजवळ एली आणि जर्मनीत शोनबेकला लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटचे ग्रुप, म्हणजे लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांच्या खुणांचे पुंजके, ५० मीटरवर घेतले जातात. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य प्रत्येक गोळीची जागा नोंदवते. एका नळीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. नळी गोळीबरोबर कंप पावते. तोंड वर उचलले जात असताना हळू गोळी किंचित उशिरा बाहेर पडली, तर तिची घसरण काही अंशी भरून निघते. म्हणूनच वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर सर्वांत एकसारखा दिसणारा लॉट लक्ष्यावर सरस ठरेलच, असे नाही.

इथे फसगत होते ती थोड्या गोळ्यांवर निकाल देण्याने. तोच लॉट, तीच रायफल असली तरी दहा गोळ्यांचा ग्रुप पाचांच्या ग्रुपपेक्षा सरासरी पाव हिश्शाने मोठा येतो; टोकाच्या गोळ्या सापडण्याची शक्यताच वाढते. पाच गोळ्यांचा एखादा देखणा ग्रुप खिशात जपण्यापुरता ठीक. खरेदी मात्र अनेक ग्रुपच्या सरासरीवर व्हावी.

१० मीटर एअर रायफलमध्ये दारूच नाही, म्हणून प्रश्न सोपा होतो. पेलेट सुमारे अर्ध्या ग्रॅमचे. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० की ४.५१ मिलिमीटर, हे डब्यावरच छापलेले असते. दहाचा ठिपका मात्र फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, आणि शिसे इतके मऊ की डबा पडला तरी पेलेटची कडा दबते. तिथेही आकार निवडतात तो रायफल शिकंज्यात धरून, ग्रुप पाहूनच.

एखादा लॉट जुळला की नेमबाज त्याच क्रमांकाची काडतुसे हंगामभर पुरतील इतकी एकदम घेतात. तो संपला की चाचणी पहिल्यापासून करावी लागते.