गाडीचं मेण, घरचा नळ

मराठवाड्यात दिवाळीची साफसफाई म्हणजे जळमटांपेक्षा क्षारांशीच झुंज. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे, तरी बोअरच्या पाण्यावर चालणारी घरं काही कमी नाहीत. लातूरचं तर विचारूच नका. २०१६ साली मांजरा धरण आटलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी. तेही पिण्यापुरतंच. धुण्याभांड्याला बोअर नाहीतर टँकर. काळ्या खडकाच्या भेगांतून मुरलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर ६००. आपल्याकडचं जड पाणी ओळखायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि नळाच्या तोटीवर पांढरं कवच चढतं.

दसऱ्याला गाडी चकचकीत करताना आणलेल्या पॉलिशच्या, शाम्पूच्या अर्ध्या बाटल्या घरात असतातच. त्यातलं थोडं कुणीतरी नळाला लावून बघतं, नळ आरशासारखा दिसतो आणि मग घरातली एकही वस्तू सुटत नाही. हा प्रयोग निम्मा शहाणपणाचा आहे, निम्मा महागात पडणारा.

शहाणपणाचा भाग मेणाचा. गाडीच्या चांगल्या मेणात बहुधा कार्नोबा असतं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते साचतं. वितळायला त्याला ८० अंशांच्या वर उष्णता लागते, म्हणून आपल्या उन्हातही ते तग धरतं. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी येते तीही याच मेणानं. पण म्हणून डब्यातलं मेण खाण्याच्या भांड्यांना चालेल असं समजू नका, त्यात द्रावकं मिसळलेली असतात. मेणाचा पातळ थर बसला की पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळतं. थेंब जागेवर वाळला नाही, तर क्षार चिकटणार कशाला?

मेण जुना डाग काढत नाही, एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा. आधी लिंबू किंवा पातळ व्हिनेगर क्रोमच्या नळाला थोडा वेळ लावायचं, साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं पुसायचं. मग नखाएवढं मेण फडक्यानं फिरवायचं, धूसर झालं की दुसऱ्या मऊ फडक्यानं घासून काढायचं. न्हाणीघरातल्या काचेलाही हेच. फ्रिजच्या बाहेरच्या अंगाला, लोखंडी कपाटाला, पत्र्याच्या जुन्या पेटीलाही मेण लावावं, कारण तिथंही गाडीसारखाच रंगवलेला पत्रा असतो. रबिंग कंपाउंड मात्र वेगळं. त्यात बारीक घासणारी पूड असते, ती रंगाचा थर खरवडते. जुन्या कपाटाची मळकट कड उजळायला ठीक, दर महिन्याला नको.

माझ्या मते या सगळ्यात खरा लाभ कुलरचा. आपल्याकडे मार्च ते जून कुलर अखंड चालतो आणि जाळीवर, पत्र्यावर क्षारांच्या पापुद्र्या साठतात. हंगामाआधी बाहेरच्या पत्र्याला मेण लावलं तर त्या फडक्यानं निघतात. टपाच्या तळाला लोक डांबर फासतात, गंज लागू नये म्हणून. गाडीच्या पोटाला मारतात ते अंडरबॉडी कोटिंगही पुष्कळदा डांबराचंच असतं, त्यामुळे ते इथं शोभतं. मात्र अंगणात मारून पूर्ण वाळू द्यावं, वास गेल्याशिवाय कुलर खोलीला जोडू नये.

आता महागात पडणारा भाग. शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. दोन्ही चुनखडीचे दगड, आणि नळावरचं पांढरं कवच मुख्यतः त्याच चुनखडीचं. म्हणजे जे आम्ल डाग खातं, ते फरशीही खातं. चाकं धुण्याचे काही क्लीनर तीव्र आम्लाचे असतात, काहींत फ्लोरिनयुक्त आम्लं असतात; ती काचही कुरतडतात आणि कातडी भाजतात. असा क्लीनर फरशीवर ओतला तर डागाच्या जागी खरबरीत खड्डा राहतो आणि तो पॉलिशवाल्यालाच बोलावून भरून काढावा लागतो. त्यात कुणी वर ब्लीच ओतलं, तर क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं. गाडीचा साधा, आम्लरहित शाम्पू तेवढा फरशीला चालतो.

डॅशबोर्डचं पॉलिश पुष्कळदा सिलिकॉनचं असतं. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठीला वगैरे ठीक, पण फरशीवर, पायऱ्यांवर, झोपाळ्याच्या पाटावर अजिबात नको. घसरून आजीचा खुबा मोडायचा. कपाटाला ते लावून पुढच्या वर्षी रंग काढायला घेतला तर नवा रंग जागोजाग मागे सरकतो आणि गोल खळगे पडतात. रंगारी रंगाला दोष देतो, घरवाले रंगाऱ्याला. टायरचं पॉलिशही टायरपुरतंच ठेवावं.

कुरकुरणाऱ्या बिजागरीवर डब्ल्यूडी-४० मारण्याची चालही आता रुळली आहे. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ते बनलं ते पाणी हटवून गंज थांबवण्यासाठी. चाळिसाव्या खेपेला सूत्र जमलं, म्हणून नावात ४० आला. जाम झालेली कडी सुटायला ते उत्तम. बिजागरीला मात्र शिलाई मशीनचं तेल जास्त दिवस टिकतं आणि स्वस्तही पडतं.

विकत घ्यायचंच असेल तर मेणाची एक डबी आणि दोन मायक्रोफायबर फडकी घ्या. बाकी बाटल्या गाडीसाठीच राहू द्या. नवी वस्तू आधी कपाटाच्या मागच्या बाजूला लावून बघा. आणि फवाऱ्याच्या डब्यांत बऱ्याचदा पेट घेणारा वायू भरलेला असतो, तेव्हा शेगडी, पणत्या आणि फटाके यांच्यापासून ते डबे चार हात लांब, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.