उपसागराची नाडीपरीक्षा

मासा पाण्यात राहतो. तरी प्राणवायूवाचून त्यालाही जगता येत नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांनी शोषून घेतो. हा साठा संपला, की भर पाण्यात त्याचा जीव गुदमरतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरावर दर उन्हाळ्यात हे संकट ओढवते. शेतांतील खते व शहरांतील सांडपाणी नद्यांवाटे तेथे येते. त्यातील नत्र आणि स्फुरद यांवर सूक्ष्म शैवाल बेसुमार वाढते. ते मरून तळाशी कुजते आणि कुजविणारे जीवाणू तेथील प्राणवायू संपवितात. नद्यांचे गोडे, उबदार पाणी हलके म्हणून वर राहते. समुद्राचे खारे पाणी जड म्हणून खाली. हे थर सहजासहजी मिसळत नाहीत. त्यामुळे वरचा प्राणवायू तळापर्यंत पोहोचत नाही. मासे दूर पळून जाऊ शकतात. तळाला चिकटून बसलेल्या कालवांनी कोठे जावे?

काठावरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. म्हणून १९८४ पासून शास्त्रज्ञ नौकेने ठरावीक ठिकाणी जाऊन पृष्ठभागापासून तळापर्यंतचे पाणी तपासतात. एका लिटरमध्ये ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला, तर बहुतेक मासे सुखाने राहतात; तो २ मिलिग्रॅमहून कमी झाला, की ते पाणी जीवघेणे ठरते. पाण्याची नितळता पाहण्यासाठी काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडतात व ती किती खोलीवर दिसेनाशी होते, हे टिपून ठेवतात.

अशा नोंदींच्या आधारे २०१० मध्ये उपसागरात येणाऱ्या नत्र व स्फुरद यांवर मर्यादा घालण्यात आली. नुसती नाडी पाहून रोग बरा होत नाही, हे खरे. पण नाडी न पाहता औषध तरी कोणते द्यावे?